जल्लादाची पाठ

कुस्तीच्या खेळात चांगल्या माणसावर मागून कोणी चालून आलं, की सगळं सभागृह ओरडतं, "मागे बघ! अरे, मागे बघ!" पोरंटोरं खुर्च्यांवर उभी राहतात, म्हाताऱ्यांच्या काठ्या हवेत जातात, आणि एरवी घरात चार शब्द न बोलणारी माणसंसुद्धा घसा फोडून त्याला सांगत सुटतात. वाईट माणसाच्या मागून मात्र कोणीही येवो, त्याला कोणी सांगत नाही. उलट सगळे एकदम गप्प होतात, श्वास धरतात, शेजारच्याला कोपराने ढोसतात. आता कसा सापडला!

गादीशेठने जन्मभर ही शांतता पाठीवर घेतली.

शेठ वगैरे तो काही नव्हता. तरुणपणी गाद्यांच्या दुकानात कापूस भरायला होता, एवढीच त्याची शेठगिरी. दिवसभर कापूस भरायचा, गादीला टाके घालायचे आणि ती डोक्यावर घेऊन गिऱ्हाइकाच्या तिसऱ्या मजल्यावर पोचवायची. एकदा जिन्यात पाय घसरला, तर पठ्ठ्या गादीसकट गडगडत तळमजल्यापर्यंत आला आणि कपडे झटकून उभा राहिला. ते बघणाऱ्यांत कुस्तीच्या कंपनीचे म्हातारे मालक होते. त्यांनी त्याला जागेवरच विचारलं, "पुन्हा पडशील का?" तेव्हापासून तो पडतच आला.

लोक विचारायचे, हे सगळं खोटंच असतं ना? ठरलेलं असतं, हे खरं. पण ठरवून पडलं म्हणून कमी लागतं, असं कोणाला वाटत असेल, तर त्याने जिन्यावरून पडायचं आधी नीट ठरवावं आणि मग पडून बघावं. रिंगमध्ये वरून कॅनव्हास असतो, खाली बोटभर गादी आणि त्याच्याखाली सरळ लाकडाच्या फळ्या. पडताना हनुवटी छातीला लावायची, फुफ्फुसातली हवा सोडून द्यायची आणि दोन्ही तळहात फळीवर असे आपटायचे, की मागच्या रांगेतल्या माणसालाही आवाज ऐकू जावा. आवाज जितका मोठा, तितका मार कमी. हे शिकायलाच दोन हिवाळे जातात. मग 'पोतं' शिकायचं, म्हणजे समोरच्याला पोत्यासारखं खांद्यावर घेऊन आपटायचं. त्यात सगळी मेहनत आपटून घेणाऱ्याची असते. तो स्वतःहून उडी मारत नाही, तोवर कोणाचा बाप त्याला उचलू शकत नाही. आणि प्रत्येक मोठ्या पडण्यानंतर, धरलेला हात हळूच दाबायचा. म्हणजे, आहेस ना? पडलेल्याने उलट दाबायचं. म्हणजे, आहे. हे प्रेक्षकांना कधी दिसत नाही. दिसलं तर धंदाच बुडाला.

सुरुवातीला तो पांढरं वादळ होता. पांढरी चड्डी, पांढरे बूट, आणि बायकोने चादरीतून बेतलेला पांढरा झगा. नवीनच लग्न झालेलं होतं, तिच्या हौसेला मोल नव्हतं. झग्याच्या पाठीवर तिने निळ्या दोऱ्याने असे भोवरे भरले होते, की तो धावत आला की खरंच काहीतरी घोंगावत आल्यासारखं वाटे. तेव्हा त्याला ऐकू यायचं ते "मागे बघ". हजार माणसं आपली काळजी करतात, ही काय चीज असते ते त्याने त्या काळात चाखलं.

पण चांगल्या माणसाला नुसतं जिंकायचं असतं. खेळ चालवतो तो वाईट माणूस. कधी मारायचं, कधी दमायचं, समोरच्याला कुठे उभं करायचं, लोकांना कधी चिडवायचं, सगळी सूत्रं त्याच्या हातात. म्हाताऱ्या मालकांच्या लक्षात आलं, की हा माणूस पडतो फार सुंदर. मग त्याला जिंकायला लावणं म्हणजे चांगल्या स्वयंपाक्याला वाढपी करण्यासारखं. झगा पेटीत गेला आणि तो डॉक्टर काळ झाला. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. बेशुद्ध पडलेल्या पहिलवानाची छाती तपासायचा आणि मान हलवून पुन्हा एक लाथ घालायचा. मग काही वर्षं घरमालक. हा त्याचा सगळ्यात गाजलेला अवतार. हातात किल्ल्यांचा जुडगा, कपाळावर आठ्या. रिंगमध्ये शिरला की समोरच्याला म्हणायचा, "महिनाअखेर खोली खाली कर!" सभागृहाभोवतीच्या वस्तीत सगळीच भाडेकरू माणसं. त्यांच्या अंगाचा असा तिळपापड व्हायचा, की एकदा एका आजीने त्याच्यावर आपली चप्पल भिरकावली आणि खेळ संपल्यावर दारात उभी राहून ती परत मागून नेली. शेवटी घरमालकांच्या कुठल्याशा मंडळाने तक्रार केली म्हणून तो अवतार बंद झाला आणि जल्लाद आला. काळे कपडे आणि डोकं मानेपर्यंत झाकणारा काळा मुखवटा. डोळ्यांना दोन भोकं, नाकाखाली एक चीर. हाच मग कायमचा चिकटला.

जल्लादाचा वैरी सोनेरी बाण. पिवळे रंगवलेले लांब केस, सोनेरी विजार. लोकांच्या गळ्यातला ताईत. दोघांची जोडी इतकी जमली, की एकाच्या श्वासावरून दुसऱ्याला कळायचं आता काय. कंपनीचा कडक नियम होता, चांगला आणि वाईट बाहेर एकत्र दिसता कामा नयेत. म्हणून बाण गादीशेठकडे यायचा तो मागच्या गल्लीने, केस टोपीत कोंबून. येताना गादीशेठच्या मुलीसाठी पेन्सिली आणायचा, आणि ती त्याला बाणकाका म्हणायची. हे नाव कशावरून पडलं ते तिला ठाऊक नव्हतं. आपले बाबा आणि बाणकाका गाद्यांच्या कारखान्यात पाळीवर जातात, असंच तिला सांगितलेलं. मुखवट्याचं गुपित एका पोरीने शाळेत फोडलं, तर जल्लादाची काय भीती राहणार?

मुलगी दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. खेळाच्या दिवशी मुखवट्याची शिवण उसवली. बायकोला सुई-दोरा घेऊन धावतपळत यावं लागलं आणि पोरीला घरी ठेवायला कोणी नव्हतं. शिवून झालं तोवर घंटा वाजली. बायकोला वाटलं, मुखवट्यात ओळखणार कशी? तिला पुढच्या रांगेत बसवलं.

पोरगी तोंड बघून ओळखत असती तर निभावलं असतं. पण ती रोज त्या पाठीवर बसून घरभर फिरलेली होती. जल्लादाने पाठ वळवली आणि तिने ती ओळखली.

त्या काळात त्यांचा शेवटचा डाव ठरलेला असायचा. जल्लाद पंचाशी वाद घालतो. बाण त्याच्या मागे कोपऱ्यातल्या खांबावर चढतो. सभागृह चिडीचूप होतं. बाण वरून झेप घेतो ती थेट जल्लादाच्या पाठीवर, आणि दोघे कोसळतात. बघायला वाटतं, वरचा खालच्याला मारतोय. खरं म्हणजे खालचा वरच्याला झेलत असतो. तेवढी रुंद, तेवढी स्थिर पाठ बरोबर जागेवर असली, तरच वरचा माणूस धड उतरतो. म्हणून पाठ द्यायची ती द्यायची. मागे काय येतंय ते ठाऊक असून वळायचं नाही, हीच त्यातली विद्या.

त्या दिवशीही सगळं चिडीचूप झालं. आणि त्या शांततेत पोरीने बघितलं, की पेन्सिली आणणारे बाणकाका खांबावर चढलेत आणि तिच्या बाबांवर मागून उडी घालणार आहेत.

"बाबा!" ती किंचाळली. "बाबा, मागे बघा!"

त्याने बघितलं. त्यात विचार करायला सवड नव्हती. लेकीची हाक आली आणि मान वळली, मानेमागून खांदा वळला. बाण तोवर हवेत होता. त्याला पाठ मिळाली नाही, तिरपा खांदा मिळाला. तो त्यावरून घसरला आणि गुडघ्यावर फळीवर आदळला. हा आवाज ठरलेल्या आवाजांपैकी नव्हता.

आत नेल्यावर बाण ओठ चावत बाकावर पडला होता आणि गुडघा डोळ्यांदेखत सुजत होता.  तेवढ्यात दाराशी पोरगी दिसली, आईचा हात सोडून आलेली. गादीशेठने तिचे दोन्ही दंड धरले. मुखवटा काढायचंही भान त्याला नव्हतं.

"इथे मी तुझा बाबा नाही," तो म्हणाला. "इथे मला हाक मारायची नाही. कधीच नाही. कळलं?"

ती रडली नाही. त्या काळ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मान हलवून हो म्हणाली. आपली पोर इतकी शब्दाची पक्की असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

गुडघ्याचं तिला कोणीच सांगितलं नाही. रिंगमधलं पडणं नुसतं नाटक, बाणकाका नंतर बाथरूममध्ये घसरले, असं घरात ठरलं. बाणनेच ते ठरवलं. "एवढ्याशा जिवाला कशाला असलं ओझं द्यायचं?" तो म्हणाला आणि तेव्हापासून उजव्या पायाने जरा लंगडत राहिला. पण त्यामुळे झालं काय, की पोरीच्या वाट्याला बापाचं ते वाक्य तेवढं आलं, त्याचं कारण आलं नाही. ती पुन्हा कधी खेळाला आली नाही. त्याच्या कामाविषयी चकार शब्द काढला नाही. शाळा झाली, कॉलेज झालं, डोळे तपासायचं शिक्षण झालं, चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली, लग्न झालं. रविवारी यायची, जेवायची, बापाच्या रक्तदाबाची चौकशी करायची. सगळं बोलायची. फक्त तो एक दरवाजा असा बंद होता, की तिथे दरवाजा आहे हेही कोणी म्हणत नव्हतं.

आणि त्याची तऱ्हा अशी, की त्या दिवसापासून दर खेळात पाठ वळवली की त्याचे कान टवकारायचे. पंचाशी भांडतानाही त्याचं अर्धं चित्त मागे असायचं. इतक्या माणसांत, इतक्या वर्षांत, जल्लादाला सावध करणारं एकच माणूस निघालं होतं, आणि त्याचं तोंड गादीशेठने स्वतःच बंद केलं होतं. डॉक्टर काळवर, घरमालकावर, जल्लादावर लोकांनी शिव्यांचा पाऊस पाडला, त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही. त्याचीच तर भाकरी होती. पण ती शांतता त्याला खायला उठायची. त्याला फक्त एकदा, एकदाच, त्या शांततेत ती हाक पुन्हा ऐकायची होती. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. मिशा पांढऱ्या झालेला जल्लाद म्हणणार तरी काय?

म्हातारे मालक गेले, त्यांची मुलगी मालकीणबाई झाली. ती तिकिटाच्या खिडकीत बसून लोकरीचे स्वेटर विणायची आणि टाका न चुकवता कोणाला कामावरून कमी करायचं ते ठरवायची. एका दुपारी तिने गादीशेठला बोलावलं.

"तुमची कंबर गेली," ती म्हणाली.

"गेली तर गेली. अजून वाकते."

"वाकते, पण कुरकुरते. मागच्या खेळात मला इथवर ऐकू आली. बाणही थांबतोय. एक शेवटचा खेळ करू दोघांचा. आणि असं बघा, शेवट गोड करू. तुम्ही पांढरं वादळ होऊन या. तोंड उघडं. जुनी माणसं रडतील. तुम्ही जिंका."

 त्याने घरी जाऊन बायकोला सांगितलं तर तिने आधी डोळे पुसले आणि मग पेटी उघडली. झगा पिवळा पडला होता, पण भोवरे शाबूत होते. "पोट सुटलंय तुमचं," ती टेप लावत म्हणाली. "वादळ कसलं, ढग आलाय नुसता." आणि दुसऱ्याच दिवशी नवं पांढरं कापड घेऊन बसली.

तो लेकीच्या दुकानात गेला. निमित्त चष्म्याचं. तिने त्याला मागच्या लहान खोलीत खुर्चीवर बसवलं, नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवली आणि एकेक काच घालून बघू लागली.

"वरून वाचा."

त्याने वरच्या ओळी वाचल्या. खालची ओळ म्हणजे मुंग्यांची रांग.

"आता बरं दिसतंय, की आधी बरं होतं?"

"आधी बरं होतं."

तिने काच बदलली.

"शेवटचा खेळ आहे माझा," तो भिंतीवरच्या अक्षरांकडे बघत म्हणाला. समोर अक्षरं होती म्हणून त्याला बोलता आलं. "पांढऱ्या कपड्यांत. मुखवटा नाही. जिंकणारही आहे म्हणे. तू आलीस तर..."

तिचा हात थांबला नाही. "छान झालं. दमलात तुम्ही."

"येशील?"

"बाबा," ती शांतपणे म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं, तिथे तुम्ही माझे बाबा नाही. मग मी कोणाला बघायला येऊ?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याने तिची समजूत काढली असती. गुडघ्याची गोष्ट पार जिभेच्या टोकावर आली. अगं, त्या दिवशी मी वळलो आणि बाणचा पाय गेला, घाबरलो होतो मी, म्हणून बोललो. पण मग तिला कळलं असतं, की बाणकाका कोणामुळे लंगडतात. त्याने ती गोष्ट गिळली.

"नंबर वाढलाय का?"

"थोडा."

तिने चौकट काढली, नवी फ्रेम त्याच्या नाकावर ठेवली आणि काड्या कानामागे बसवल्या. तिची बोटं गार होती. कानामागे टोचतंय का, म्हणून तिने दोन्हीकडे चाचपून बघितलं. तो म्हणाला, डावीकडे जरा टोचतंय. टोचत नव्हतं.

घरी आला तेव्हा बायको झग्याला अस्तर लावत होती. तो शेजारी बसला आणि म्हणाला, "हे राहू दे. जल्लादच करतो."

"काय?" तिच्या तोंडात टाचण्या होत्या, त्या तिने काढल्या. "डोकं फिरलंय का? जन्मभर शिव्या खाल्ल्या, आता टाळ्या मिळतायत तर नको? आणि मी हे इतकं शिवलं ते?"

"मालकीणबाईंना सांगून आलोय."

"पण का?"

त्याने टाळलं. तिने सोडलं नाही. टेपने पोट मोजता मोजता माणसाच्या मनाचंही माप काढायची तिची जुनी सवय. शेवटी तो खाली बघत बोलला.

"पांढऱ्या कपड्यांत गेलो, तर सगळं सभागृह ओरडणार, मागे बघ, मागे बघ. त्यात तिने हाक मारलीच, तर मला कळणार कशी? जल्लादाला कोणी हाक मारत नाही. मारली, तर ती तिचीच."

बायकोने कात्री खाली ठेवली.

"अहो, पण ती येणार नाही म्हणाली ना?"

"म्हणाली."

"मग?"

"मग काही नाही. आलीच तर, एवढंच."

 दुसऱ्या दिवशी बायको चपला घालून बाहेर पडली ती संध्याकाळी परतली आणि आल्या आल्या म्हणाली, "मी तिला सांगितलं. बाणभाऊजींच्या गुडघ्याचं. सगळं."

 तो इतका भडकला, की घरमालकाच्या अवतारातसुद्धा कधी भडकला नसेल. "कोणी सांगितलं होतं तुला? इतकी वर्षं मूग गिळून बसलो ते कशासाठी? तिच्या डोक्यावर धोंडा ठेवून आलीस! आता ती खेळाला तर येणार नाहीच, बाणसमोरही उभी राहणार नाही!"

"झालं तुमचं?" बायको म्हणाली. "तुम्ही तिला गुडघ्यापासून वाचवलंत. आणि तिला काय वाटत होतं, माहीत आहे? तिने चारचौघांत बाबा म्हटलं म्हणून बापाला लाज वाटली. दुसरीतल्या पोरीला असं वाटलं आणि तेच घेऊन ती एवढी मोठी झाली. त्यापेक्षा गुडघा परवडला."

 त्याने हळूच विचारलं, "काय म्हणाली?"

"काहीच नाही. काचा पुसत बसली. पुसलेल्याच पुन्हा पुसत होती."

मग खेळापर्यंत तिचा फोन आला नाही. रविवारीही ती आली नाही. तोही करायला धजला नाही. फोन हातात घ्यायचा, नवा चष्मा लावून तिचं नाव बघायचा आणि ठेवून द्यायचा.

खेळाच्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. पूर्वी ते धान्याचं गोदाम होतं, अजूनही उकाड्यात भिंतींना पोत्यांचा वास यायचा. आत बाण उजव्या गुडघ्याला पट्टी गुंडाळत होता. त्यावरून सोनेरी विजार चढवताना त्याला भिंतीला धरावं लागलं.

"झेप नको घेऊस," गादीशेठ म्हणाला. "खालूनच ढकल मला. लोकांना काय कळतंय?"

"शेवटची आहे. घेणार." बाणने आरशात बघून केस पुढे ओढले. टक्कल झाकायला आता बरीच कसरत लागायची. "पण यावेळी वाकडा उतरलो, तर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टर म्हणतो. तेव्हा तू फक्त हलू नकोस."

"नाही हलणार."

"कोणी येणार आहे का तुझं?"

"बायको आहे मागे, सुई-दोरा घेऊन," गादीशेठ म्हणाला आणि मुखवटा ओढला.

खेळ रंगला. जल्लादाने बाणला पोत्यासारखं आपटलं, दोरांमध्ये गुंतवलं, पंचाची नजर चुकवून त्याचे पिवळे केस ओढले. लोकांनी शिव्यांची लाखोली वाहिली. कंबर कुरकुरत होती, पण त्या गोंगाटात मालकीणबाईच्या बापालाही ऐकू गेली नसती. मारता मारता तो भोकांमधून पुढच्या रांगा चाळत होता. तोंडं खूप होती, ती दिसली नाही. चष्म्याशिवाय तशीही तोंडं म्हणजे भिंतीवरची खालची ओळ.

मग ती वेळ आली. तो पंचाकडे वळला आणि बोट नाचवत भांडू लागला. मागे बाणने दोर धरला. गादीशेठला पावलं ऐकू येत होती. डावं हलकं, उजवं जड. एक दोर, दुसरा दोर. सभागृह हळूहळू गप्प होत गेलं आणि शेवटी तीच जुनी शांतता त्याच्या पाठीवर येऊन बसली.

पंच कुजबुजला, "चढला."

आता त्याने पाय रोवायचे होते. त्याने रोवले. कान मागे होते. तिथे काही नव्हतं. कोणीतरी खोकलं, एक खुर्ची करकरली. नाही आली, तो मनात म्हणाला. ठीक आहे. तिला काय दोष द्यायचा? बोलून तर आपण बसलो.

"बाबा!"

डावीकडून आली हाक, बरीच मागून. आवाज आता बाईमाणसाचा होता, पण फुटला तो तिथेच, त्याच जागी. त्याच्या मानेतली एकन् एक शीर वळायला उठली. इतक्या वर्षांची तहान त्या मानेत होती. फक्त एकदा बघावं, कुठे उभी आहे, कशी उभी आहे.

"बाबा, मागे बघू नका!" ती ओरडली. "बाबा, अजिबात बघू नका!"

सभागृहात हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, ही बाई आहे कोणाच्या बाजूने? ती पुन्हा ओरडली, मग पुन्हा, घसा फाटेपर्यंत, हाक मारायची मनाई असलेल्या त्या जागी. "बाबा, हलू नका! बाबा!"

तो हलला नाही. पाठ त्याने अशी दिली, की त्यावर घर बांधलं असतं तरी उभं राहिलं असतं. मुखवट्याच्या आत डोळे वाहत होते आणि तो पंचाला दात-ओठ खाऊन शिव्या देत होता.

बाण आला. पूर्ण वजनानिशी, सरळ, पाठीच्या मधोमध. दोघे कोसळले. गादीशेठने तळहात आपटले आणि तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. गाल कॅनव्हासला टेकला होता आणि तोंड होतं उजवीकडे. हाक आली होती डावीकडून. पंच मोजू लागला; तीनपर्यंत उठला नाही की हरला.

बाणने त्याचा हात दाबला. आहेस ना?

त्याने दाबला. आणि धरूनच ठेवला.

"सोड आता," बाण पुटपुटला. "मला जिंकायचंय."

"पाय?"

"शाबूत आहे. सोड."

पंचाचे तीन झाले. घंटा वाजली, लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. नियमाप्रमाणे हरलेल्याने, जिंकणारा आत जाईपर्यंत पालथं पडून राहायचं असतं. तो पडून राहिला. आता मान वळवायला कोणाची हरकत नव्हती, म्हणून त्याने गाल उचलून दुसरीकडे टेकवला. मुखवटा फिरला होता, डोळ्यांची भोकं कानाशी गेली होती, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. त्याला तो सरळ करता आला असता, पण हात उचलायचा नव्हता. आवाज जवळ येत होता. पायऱ्यांवरून, खुर्च्यांमधून, लोकांना बाजूला करत, कोणालातरी सांगत, की सोडा मला, ते माझे बाबा आहेत.